सात नंबर बंद होणार नाही

जावा बेटावरच्या पेकालोंगान शहराच्या उत्तरेला, समुद्र जिथे गटाराच्या वाटेनं घरात येतो त्या गल्लीत बू कस्तुराचं, म्हणजे कस्तुराबाईचं, घर आहे, आणि त्या घरात सात नंबर आहे. सात नंबर म्हणजे कॉम्प्युटर. एकेकाळी या घराच्या पुढच्या खोलीत इंटरनेट कॅफे होता. पोरं शाळा बुडवून यायची, आणि मशीनांना नावांऐवजी आकडे होते. ‘बू, सातला अजून एक तास’ अशी आरोळी दिवसभर चालायची. मग ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि कॅफे बसला. बाकीची मशीनं भंगारात गेली. भंगारवाला सात नंबर उचलायला वाकला तेव्हा मात्र बू कस्तुरा दारात आडवी झाली आणि म्हणाली, हा देणार नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्याच वर्षी तिचा नवरा गेला होता, आणि घरात रात्रंदिवस कुरकुर करणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

या गल्लीत पूर यायला पाऊस लागत नाही. भरती आली की पाणी उलटं चढतं, न्हाणीघराच्या जाळीतून वर येतं आणि पाहुण्यासारखं बैठकीत पसरतं. लोक काय करतात, तर चार वर्षं कळ काढतात आणि मग भर घालून घराची जमीन वर उचलतात. छप्पर मात्र बिचारं होतं तिथेच राहतं. त्यामुळे बू कस्तुराच्या घरात उंच माणूस वाकूनच शिरतो. ती म्हणते, माझ्याकडे सगळे नम्र असतात.

गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांच्या वर्गणीतून आणलेला एक पंप होता. तो चालू-बंद करायला पाळ्या लावल्या होत्या. पण पाळीच्या दिवशी कुणाच्या सासुरवाडीला काम निघायचं, कुणाला कॉफीच्या टपरीवर कुणी अडवायचं, कुणाला डुलकी लागायची. एकदा तर पाणी उतरून गेलं तरी पंप तसाच घरघरत राहिला आणि जळला. दोष कुणाचा म्हणून सगळे एकमेकांकडे बघत बसले. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नव्हे, हे काय त्या गल्लीपुरतंच आहे का? पण बू कस्तुराचा स्वभाव तापट. घरातला चिखल खराट्यानं लोटता लोटता तिनं ठरवलं की आता माणसांच्या नादी लागायचं नाही.

जळलेला पंप दुरुस्त होऊन आल्यावर तिनं संडासाच्या टाकीतला तरंगता गोळा काढला, त्याला सायकलची तार जोडली आणि तो गटारात सोडला. पाणी वर आलं की गोळा वर, गोळा वर गेला की सात नंबरला कळायचं, आणि सात नंबर पंपाला वीज सोडायचा. पाणी उतरलं की बंद. पंपाची वायर तिनं स्वतःच्या मीटरवर घेतली, कारण बिलावरून पुन्हा सभा भरवायची तिच्यात ताकद नव्हती. गल्लीनं भर सभेत तिचं कौतुक केलं. म्हणजे वायर तिच्याकडे जातेय हे पाहून सगळ्यांना हलकं वाटलं.

पहिल्याच मोठ्या भरतीला फजिती झाली. सात नंबरला कुठूनशी स्वतःला सुधारून घ्यायची हुक्की आली, तो आपला आपण बंद होऊन चालू झाला, आणि पंपाचं काम करणारा प्रोग्राम बू कस्तुरानं हातानं सुरू केलेला होता, तो काही उठला नाही. पाणी थेट पाक तारमुजींच्या पलंगाखाली. हे गल्लीचे प्रमुख. सगळे त्यांना पाक एर्ते म्हणतात. उमेदीत ते मासळीबाजारात लिलाव पुकारायचे, आणि तो आवाज अजून तसाच आहे. त्यांनी चौकात उभं राहून विचारलं, “बू, तुमची पेटी रोजा सोडायला गेली होती का?” सगळी गल्ली हसली.

बू कस्तुरा त्या दिवशी खराटा घेऊन घरात गेली. पण अपमान गिळून स्वस्थ बसणाऱ्यातली ती नव्हे. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतल्या अनोळखी लोकांना ती प्रश्न विचारत बसली, शब्दकोश मांडीवर घेऊन उत्तरं वाचत राहिली. आधी तिनं सात नंबरची ती सुधारण्याची खोड मोडली. मग पंपाचं काम असं बसवलं की मशीन उठलं की ते आपोआप उठेल, कुणी हात धरून उठवायला नको. आणि त्याच्यावर दुसरं एक छोटं काम नेमलं, ज्याला दुसरा उद्योगच नाही. ते मिनिटामिनिटाला डोकावतं, पहिलं जागं आहे का बघतं, पेंगलं असेल तर हलवून उठवतं. पहिल्या कामाचं नाव तिनं ठेवलं सून आणि दुसऱ्याचं सासू. स्वतःच्या सासूला ती तेवीस वर्षं ओळखत होती, तेव्हा नमुना घरचाच होता.

शेजारची उल्फा कापडावर मेणाची नक्षी काढणारी, जिभेनं तिखट. तिनं विचारलं, “बू, सुनेवर सासू, ते समजलं. पण सासूच झोपली तर?”

“सात नंबर उठला की सगळ्यांच्या आधी सासू उठते. घरोघरी हेच असतं.”

शिवाय सात नंबर रोज सकाळ-संध्याकाळ गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनवर एकच शब्द पाठवू लागला. हजर. सुरुवातीला लोक चेष्टेनं त्याला ‘व सलाम’ म्हणून उत्तर द्यायचे. मग सवय झाली. गल्ली कोरडी राहू लागली आणि कोरड्या गल्लीत राहणाऱ्यांना पाणी आठवत नाही, तसं लोकांनाही ते आठवेनासं झालं. पंप आहे, तो चालतो, असं सगळे धरून चालले. आठवण बू कस्तुरा एकटीलाच. लेबारानच्या, म्हणजे ईदच्या, सणाला सारं शहर आपापल्या गावी पळतं, पण बू कस्तुरा पेटीच्या शेजारी बसून राहायची. वोनोसोबोला डोंगरात तिची थोरली बहीण, यु पाइनाह. सणाच्या सकाळी थोरल्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून वर्षभराची माफी मागायची असते. बू कस्तुरा ती फोनवर मागायची, आणि फोनवर गुडघा नसतो.

यंदा यु पाइनाहनं निरोप धाडला. बरं नसतं, या वर्षी मी आहे, पुढच्या वर्षीचं माहीत नाही. बू कस्तुरानं बसचं तिकीट काढलं.

आता त्या गल्लीचा नियम असा की गावी जाणाऱ्यानं घरातला एकूण एक प्लग उपटायचा आणि गॅसची टोपी काढून ठेवायची. गेल्या लेबारानला पलीकडच्या गल्लीत रिकाम्या घरात भातकुकर चालू राहिला आणि स्वयंपाकघर जळलं, तेव्हापासून पाक एर्तेंनी हा नियम फारच मनावर घेतला होता. त्यात त्यांचं काही चुकलं असंही नाही. सणाच्या आदल्या आठवड्यात, दुपारी, पहाऱ्याच्या चौकीवर त्यांनी सभा घेतली, आणि शेवटी लिलावाच्या सुरात विचारलं, “बू कस्तुरा, तुम्ही जाणार म्हणे. मग पेटीचा प्लग काढणार ना?”

“नाही.”

“नियम सगळ्यांना सारखा.”

“नियम भातकुकरला आहे, पाक एर्ते. सात नंबर भातकुकर नाही.”

पाक एर्ते म्हणाले, रिकाम्या घरात चालू यंत्र म्हणजे चुलीवर ठेवून विसरलेलं तेल. मागे दोघातिघांनी माना डोलावल्या. ज्यांची घरं तिच्या पंपामुळे कोरडी होती त्यांनीच डोलावल्या, हे बू कस्तुरानं पाहून ठेवलं. मग ती उभी राहिली. उपाशी पोटी तिचा आवाज बारीक होतो, पण धारदार होतो.

“विसरलेलं म्हणता? मी एक दिवस विसरले नाही. विसरलात तुम्ही. लेबारान कशावर येतो? चंद्रावर. आणि अमावास्येच्या चंद्राबरोबर आणखी काय येतं? उधाण. तुम्ही नवी टोपी घालता त्याच सकाळी समुद्रही सजून निघतो. गल्लीत सगळ्यांत कमी माणसं आणि सगळ्यांत जास्त पाणी, ते त्याच दिवशी. आणि नेमक्या त्याच दिवशी तुम्ही मला पंप बंद करायला सांगताय.”

पाक एर्ते थोडे नरमले, पण सगळ्यांसमोर माघार कशी घ्यायची? म्हणाले, “मग तुम्ही जाऊ नका, बू. दरवर्षी राहता, तशा राहा.”

ते तिला लागलं. ते म्हणाले सहज, पण तिच्या डोळ्यांसमोर बहिणीचे गुडघे आले.

“मी जाणार,” ती म्हणाली, “आणि सात नंबर चालू राहणार. दोन्ही होणार. घर माझं, मीटर माझं. कुणाला काय करायचं ते करा.”

बायकांनी नंतर तिला समजावलं, मोठ्या माणसाशी रोजाच्या महिन्यात असं बोलू नये. तिनं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन प्लगवर चिठ्ठी चिकटवली: हात लावाल तर पाणी तुमच्या घरात. किल्ली उल्फाला दिली, कारण पिंजऱ्यातल्या होल्याला दाणा-पाणी कुणीतरी घालायला हवं, आणि बसमध्ये बसली.

वोनोसोबोत हुडहुडी भरते. समुद्राकाठच्या माणसाला तिथलं पाणी बोटांना चावतं. यु पाइनाह फार वाळली होती, पण खाटेवरून हुकूम सोडणं चालूच होतं. नारळाच्या रसातलं कोंबडीचं कालवण तिच्या देखरेखीखाली रटरटत होतं. संध्याकाळी सात नंबरचा ‘हजर’ आला, चंद्र दिसल्याची बातमी आली, ढोल वाजले. बू कस्तुराला कितीतरी वर्षांनी सण सणासारखा वाटला.

सकाळी नमाज झाल्यावर घरचे सगळे ओळीनं बसले. यु पाइनाह खुर्चीत, आणि एकेक जण गुडघ्यांवर सरकत तिच्यापुढे जाऊन डोकं टेकवत होता. बू कस्तुरा ओळीत होती आणि तिचा हात राहून राहून पिशवीतल्या फोनकडे जात होता. सकाळचा ‘हजर’ आला नव्हता. डोंगरात फोन लागत नसेल म्हणून तिनं भाचीचा फोन बघितला. तो छान लागत होता.

“मावशी, सारखा फोन बघताय,” भाची म्हणाली, “नवा नवरा बघितला की काय?”

“नवरा परवडला,” बू कस्तुरा म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता.

तिची पाळी आली. तिनं बहिणीच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, रीतीप्रमाणे बाहेरून-आतून माफ कर असं म्हणाली, आणि ज्या क्षणाची तिनं इतकी वर्षं वाट पाहिली त्या क्षणी तिला दिसत होतं ते न्हाणीघराच्या जाळीतून वर येणारं काळं पाणी. यु पाइनाहचा हात तिच्या केसांवरून फिरायचा थांबला.

“डोकं इथे ठेवलंयस. मन कुठे आहे?”

बू कस्तुरानं खरं सांगितलं. यंत्र गप्प आहे. आज उधाण आहे.

“मग माझ्या गुडघ्यावर काय शोधतेस? ऊठ. फोन लाव.”

उल्फा फोन उचलेना. सणाच्या सकाळी घरोघर फिरणारी बाई फोन कशाला उचलेल? मग बू कस्तुरानं पाक एर्तेंना लावला. त्यांनी पहिल्या घंटीलाच उचलला आणि आपल्या खणखणीत आवाजात सणाचे शब्द म्हणायला सुरुवात केली, की कळत-नकळत जे काही चुकलं असेल त्याची…

“माफी नंतर,” बू कस्तुरा म्हणाली. “सात नंबर का बंद आहे?”

तिकडे पाहुण्यांचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी चपला वर उचला म्हणत होतं. पाक एर्ते जरा चाचरले. मग म्हणाले, त्यांनी प्लगला हात लावलेला नाही, ते घरात गेलेलेच नाहीत. नमाजाला जाताना कुलूपबंद घरांच्या ओसरीवरच्या मीटरचे खटके त्यांनी खाली केले, सगळ्यांचे केले, भल्यासाठीच केले. ओळीत तिचंही घर आलं.

बू कस्तुरानं डोळे मिटले. प्लगवर चिठ्ठी लावली, आणि मीटर बाहेर ओसरीवर उघडं! नाकाला जपलं आणि कान कापून नेला.

“पाणी कुठवर आलंय?”

“आलंय थोडं… बैठकीत. पंप मी हातानं चालू केला असता, पण त्याला वीजच नाही.”

“नाहीच. ती माझ्या मीटरवरून जाते. जा आणि खटका वर करा.”

“करतो की. घरात पाहुणे आहेत, बू. आज सणाचा दिवस, आधी एकमेकांना माफ करून…”

“मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही, पाक एर्ते,” बू कस्तुरा म्हणाली. “पाहुण्यांना सोडा. पाण्यातून चालत जा, खटका वर करा. मग बघू.”

वोनोसोबोच्या त्या खोलीत अननसाच्या बिस्किटांच्या बरणीत गेलेला एक हात तसाच थांबला. लेबारानच्या सकाळी वडीलधाऱ्याला माफी नाकारलेली तिथे कुणी पाहिली नव्हती. भाचीनं आईकडे बघितलं. यु पाइनाह छताकडे बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

फोनमधून पाण्याचा चुबुक चुबुक आवाज आला. पाक एर्ते नव्या लुंगीचा सोगा धरून चालले असणार. मग खटक्याचा आवाज.

“केला. ओसरीवरचा दिवा लागला.”

बू कस्तुरानं फोन ठेवला, आणि तेव्हा कुठे तिला खरी भीती वाटली. सात नंबर वीज आली की आपोआप उठेल असं तिनं कित्येक वर्षांपूर्वी बसवलं होतं. बसवलं होतं, पण कधी तपासलं नव्हतं; मध्ये वीज गेलीच तर ती आल्याक्षणी स्वतः धावत जाऊन बटण दाबायची. तपासायचं तर आधी तो बंद करावा लागला असता, आणि बंद करायला तिचा हात कधी धजावला नव्हता. साऱ्या गल्लीशी ती भांडली की याला कुणी बंद करायचं नाही, त्यामुळे बंद झाल्यावर तो आपला आपण उठतो का, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, तिलासुद्धा. नवरा गेल्यापासून त्याच्या पंख्याची घरघर थांबलेली तिला ऐकवली नसती. एवढंच खरं कारण होतं. पण गल्लीचं पाणी काही तिच्या मनाकडे बघून थांबणार नव्हतं.

ती पायरीवर जाऊन बसली. आत कालवण वाढलं गेलं, कुणी तिला हाक मारली, ती उठली नाही. थोड्या वेळानं यु पाइनाह भाचीच्या खांद्याला धरून, शाल सावरत बाहेर आली आणि तिच्या शेजारी टेकली. दोघी बहिणी फोनच्या काळ्या काचेकडे बघत राहिल्या. म्हातारं मशीन, उठायला म्हाताऱ्यासारखाच वेळ घेणार.

फोन थरथरला.

हजर.

आणि मागोमाग: पाणी वर आहे, पंप चालू.

बू कस्तुरा रडली. पदरात तोंड घालून, आवाज करून रडली. मग नाक पुसून तिनं पुन्हा फोन लावला. “पाक एर्ते, तुम्हाला बाहेरून-आतून माफ.”

“माझंही काही चुकलं असेल-नसेल…”

“असेल-नसेल नाही. चुकलं. माझंही चुकलंय, ते घरी आल्यावर सांगते.”

मग ती आत गेली, पुन्हा ओळीच्या शेवटी बसली आणि बहिणीच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. या वेळी मनासकट ठेवलं.

ती परतली तेव्हा गल्लीतल्या भिंतींवर ओलीची रेघ अजून दिसत होती आणि कुंपणांवर गाद्या वाळत होत्या. आता जुंपणार म्हणून लोक दारांत उभे. उल्फानं आधीच सांगून टाकलं की पाक एर्ते सर्वांसमोर खालच्या मानेनं फिरतायत, फार ताणू नका. बू कस्तुरानं पिशवीही खाली ठेवली नाही. सरळ पाक एर्तेंच्या दारात गेली, त्यांना बाहेर बोलावलं आणि स्वतःच्या ओसरीवर घेऊन आली. मागोमाग अख्खी गल्ली.

“पाडा,” ती खटक्याकडे बोट दाखवून म्हणाली.

पाक एर्ते दचकले. “नको बू, झालं ते झालं.”

“पाडा म्हणते ना. मी कधी पाडला नाही, तीच माझी चूक. तुम्ही पाडलात म्हणून मला कळलं की तो उठतो. आता सगळ्यांना कळू द्या.”

त्यांनी खटका पाडला. घरातली ती घरघर थांबली, आणि गल्लीतल्या कितीतरी जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिथे रोज काही वाजत असतं. बू कस्तुरानं ओठ दाबून धरले. मग तिनं मान हलवली, त्यांनी खटका वर केला, आणि सगळे नुसते उभे राहिले.

आधी उल्फाचा फोन वाजला, मग पाक एर्तेंचा, मग दारादारांतले सगळे.

पाक एर्तेंनी चष्मा वर करून वाचलं आणि लिलावाच्या आवाजात पुकारलं, “हजर!” लोक हसले. मग ते तिच्याकडे वळून हळू म्हणाले, “आणि पुढच्या लेबारानला, बू?”

“मी जाणार,” बू कस्तुरा म्हणाली. “तो राहणार.”